झुपकी खारीची वाटी

एका चिंचेवर राहायची झुपकी खार. होती एवढीशी. तिचं पिल्लू तर त्याहून एवढंसं. त्याला दातसुद्धा नव्हते!

एकदा काय झालं, पिल्लू उठलं ते रडतच. "चीं चीं! भूक! चीं चीं! भूक!"

घरात होता एकच शेंगदाणा. तो कुटायचा, वाटीत भिजवायचा, मऊ मऊ करायचा, मग पिल्लाला भरवायचा. पण वाटी कुठाय? इथं नाही. तिथं नाही. ढोलीत नाहीच नाही!

मग आठवलं. ससादादाला सर्दी झाली होती ना? फटाफटा शिंकत होता ना? तेव्हा झुपकीनंच त्याला वाटीभर खीर दिली होती. खीर गेली पोटात. वाटी काही परत आली नाही.

"हं! इथं काहीतरी पाणी मुरतंय," झुपकी म्हणाली. शेंगदाणा तिनं काखेत मारला. कुणाचा काय भरवसा! आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ससा दारातच होता.

"ससादादा, ससादादा, माझी वाटी दे.
वाटीत जेवेल पिल्लू,
पिल्लू माझं भुकेलं!"

सशानं डोळे बारीक केले. "नाही नाही, आधी नाही! माझा वाडगा शेळीकडे. ती देईल, मग मी देईन. लबाड असणार ती, लबाड!"

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीमावशी, शेळीमावशी, सशाचा वाडगा दे.
मग ससा देईल वाटी,
वाटीत जेवेल पिल्लू,
पिल्लू माझं भुकेलं!"

शेळीनं डोळे बारीक केले. दाढी हलवली. "नाही नाही, आधी नाही! माझं पातेलं म्हशीकडे. ती देईल, मग मी देईन. लबाड असणार ती, लबाड!"

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. म्हैस बसली होती डबक्यात. डुबुक!

"म्हैसकाकू, म्हैसकाकू, शेळीचं पातेलं दे.
मग शेळी देईल वाडगा,
मग ससा देईल वाटी,
वाटीत जेवेल पिल्लू,
पिल्लू माझं भुकेलं!"

म्हशीनं डोळे बारीक केले. केवढे मोठे डोळे, पण केले बारीक! "नाही नाही, आधी नाही! माझं घमेलं कासवआजीकडे. ती देईल, मग मी देईन. लबाड असणार ती, लबाड! मला बघून लपते म्हातारी!"

लपते? झुपकीची शेपटी ताठ झाली. चोर सापडला! तुरुतुरु, तुरुतुरु, गेली तळ्याकाठी. आजीचं दार उघडं. आत कुणी नाही. नुसतं घमेलं. तेही उपडं.

आणि काय! घमेलं हललं! खुडबुड, खुडबुड!

झुपकीनं घमेल्यावर टकटक केलं.

"कासवआजी, कासवआजी, म्हशीचं घमेलं दे.
मग म्हैस देईल पातेलं,
मग शेळी देईल वाडगा,
मग ससा देईल वाटी,
वाटीत जेवेल पिल्लू,
पिल्लू माझं भुकेलं!"

घमेल्याखालून रडका आवाज आला. "अगं, देऊ तरी कशी? म्हशीनं मला घमेलंभर पाला दिला होता. शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये. काहीतरी घालून द्यावं. माझ्या घरात चिमूटभरसुद्धा काही नाही गं! मला बाई लाज वाटते."

आता झुपकीनं डोळे बारीक केले. खरं बोलते का म्हातारी? चूल बघितली. थंडगार! डबा बघितला. रिकामा! झुपकीला फार वाईट वाटलं. आजी चोर नव्हती. आजी उपाशी होती.

झुपकीनं काखेतला शेंगदाणा बघितला. एकच दाणा. घरी पिल्लू रडत असेल. काय करावं?

तिनं घमेलं सुलटं केलं. त्यात दाणा टाकला. टण्ण!

"घे आजी. आता नाही रिकामं."

मग काय! घमेलं निघालं. गडगड, गडगड! पुढे झुपकी, मागे आजी.

म्हशीनं घमेल्यात बघितलं. एवढं मोठं घमेलं, एवढासा दाणा! झुपकीनं सगळं सांगितलं. "अगं बाई! आणि मी आजीला लबाड म्हटलं!" म्हैस म्हणाली.

आजीनं दिलं घमेलं.
मग म्हशीनं दिलं पातेलं, दूध घालून.
मग शेळीनं दिला वाडगा, दूध-साय घालून.
मग सशानं दिली वाटी. त्यात गाजराचा मऊ मऊ कीस, वर दूध, वर साय!

झुपकी घरी निघाली. तुरुतुरु नाही हं! सांडेल ना! हळूहळू, हळूहळू.

पिल्लानं खाल्लं मचमच, मचमच. पोट झालं टम्म. पिल्लू हसलं. झुपकीनं त्याची पापी घेतली.

आणि आजी? आजीकडे गेली म्हैस. डोक्यावर घमेलं, त्यात हिरवागार पाला, काठोकाठ.

"आजी, पोटभर खा," म्हैस म्हणाली. "आणि घमेलं रिकामंच दे बरं का!"

पिल्लाची वाटी भरली, आपली गोष्ट सरली.