पाराच्या कडेचा दगड

त्या दिवशी म्हणे वारा भट्टीतून निघाल्यासारखा भाजत होता. आभाळ धुळीनं असं पिवळं झालेलं, की सूर्य कुठं आहे ते सावली बघून ओळखावं. आता कवडीगोठणच्या या पारावर, लिंबाच्या गारव्यात बसून ते खरं वाटायचं नाही. पाहुणे येतात ते आधी हेच विचारतात, गाव वसवणाऱ्याचा दगड मधोमध सोडून असा कडेला का?

तेव्हा इथं नुसता माळ होता. दुष्काळाचं तिसरं वर्ष. हैबती नावाचा खिल्लारी आपली गुरं घेऊन नदीकडं निघालेला, बरोबर त्याचा शेजारी गुंडाबा. शेजारी म्हणजे काय, तर जन्मभर दोघांच्या चुली जवळजवळ पेटल्या, पण एका जागी दोन महिने कधी नाहीत. म्होरकी गाय बसेल तिथं मुक्काम, ती उठेल तेव्हा हलायचं, ही त्यांची रीत. हैबतीची म्होरकी कवडी, म्हातारी झालेली. ती या माळावर बसली ती उठेचना.

"सोड तिला," गुंडाबा म्हणाला. "नदी दीड दिसावर हाय. एकीपायी समदी घालवशील."

"माझी लेकरं हिच्या दुधावर वाढली. हिला तहानेली टाकून मी पानी कसा पिऊ?"

"मग धर तिचं शेपूट, अन् जा वैतरणीपार!"

कवडीच्या गळ्यातली घंटा सोडून हैबतीनं तिच्या कालवडीला बांधली, तशी सगळी गुरं त्या नादामागं गुंडाबाबरोबर गेली. नाद विरेपर्यंत कवडी मान वळवून ऐकत होती, असं सांगतात.

भुई तव्यासारखी तापलेली. निदान तिला गार जागेवर टेकू द्यावं, म्हणून हैबती कुऱ्हाडीनं शेजारचा मुरूम उकरू लागला. हातभर खाली ओल लागली. मग तो थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता खड्ड्यात ओंजळभर पाणी साचलं. ती ओंजळ त्यानं कवडीला पाजली. ती प्याली, त्याच्या मांडीवर मान ठेवली, आणि गेली.

तिथंच त्यानं तिला माती दिली, शेजारी चूल मांडली. म्होरकी उठल्याशिवाय मुक्काम हलवायचा नाही. आता ती कधी उठायची?

दहाव्या दिवशी गुंडाबा गुरं घेऊन माघारी आला. नदीत चिखलच उरला होता, आणि मित्राची हाडं तरी उचलावीत असं त्याच्या मनात होतं. लांबून त्याला धूर दिसला.

आजही हैबतीच्या दगडाशेजारची अर्धी जागा आम्ही मोकळी ठेवतो. मागं पार नव्यानं बांधताना गवंडी दगड मधे घ्यायला निघाला, तर बायकांनी त्याची थापी काढून घेतली. गावात नवं बिऱ्हाड आलं की आधी इथं टेकतं, पाणी पितं, मग घरात जातं. कारण त्या दिवशी गुंडाबानं खड्ड्यातल्या झऱ्याकडं बघितलं, मातीच्या ढिगाकडं बघितलं, पाठीवरचं ओझं उतरवलं आणि म्हणाला,

"हैबत्या, सरक जरा तिकडं. माझी बी चूल हितंच मांडू दे."