पलीकडच्या काठावरचे घर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचे नाव आता कुणालाच आठवत नाही. गावाच्या कडेने रुंद नदी वाहत होती आणि गावावर एका लहरी राजाची सत्ता होती. राजाला शिकारीची हुक्की आली, की गावाची नाव महिना महिना त्याच्या लवाजम्यासाठी अडकून पडे. पिकवायचे गावाने आणि भाव सांगायचा राजाने, असा सारा कारभार.

राजा निपुत्रिक वारला. तेव्हा गावकरी देवळासमोर जमले आणि त्यांनी ठरवले, आता दुसरा राजा नको. गावाचा निर्णय गावाने घ्यायचा. ज्या बाजूने जास्त हात वर होतील, ती बाजू खरी. आणि प्रत्येकाने आपला धंदा आपल्या मर्जीने करावा, कष्टाचे फळ आपल्या घरी न्यावे.

गावाचे भले झाले, हे खोटे नाही. कोठारे भरली. विणकरांची लुगडी दूरच्या बाजारात जाऊ लागली. लोक न भिता बोलू लागले. राजाच्या नावेवर राबणाऱ्या सटवा नावाड्याने स्वतःची मोठी नाव बांधली आणि तो नदीने माल त्या दूरच्या बाजारात नेऊ लागला.

नदीच्या पलीकडे एके काळी वीस घरे होती. गावाचा बाजार अलीकडे, म्हणून एकेक घर अलीकडे आले. शेवटी एकच उरले, ठकूबाईचे. तिचा नवरा उतारवयात आंधळा झाला होता. उंबरठ्यापासून विहिरीपर्यंत किती पावले, हे त्याच्या पायांना पाठ होते. “नव्या घरात मी भिंतींवर आपटत मरेन गं,” तो म्हणे. म्हणून ती दोघे तिथेच राहिली.

एके दिवशी सटवा सभेत उभा राहिला. नाव त्याची असली तरी घाट गावाचा होता, म्हणून सभेची परवानगी लागे.

“पलीकडे एका घरासाठी नाव नेतो, तेवढ्यात बाजाराची एक खेप बुडते,” तो म्हणाला. “मालवाल्यांचा खोळंबा होतो. पलीकडची खेप बंद करू द्या.”

ठकूबाई त्या दिवशी मीठ न्यायला आली होती. ती सभेच्या मागे उभी राहिली. सटवाच्या बाजूने भराभर हात वर झाले. मग थोरल्या पंचांनी विचारले, “विरोधात कोण?”

ठकूबाईने दोन्ही हात वर केले. “एक माझा,” ती म्हणाली, “आणि एक आमच्या घरच्यांचा.”

काही जण हसले. पंच काही दुष्ट नव्हते. ते समजुतीने म्हणाले, “आक्का, एका माणसाचा एकच हात. आणि दोन धरले, तरी काय फरक पडतो?”

फरक पडत नव्हताच. संध्याकाळी सटवाने तिला शेवटचे पलीकडे सोडले.

श्रावणात नदी फुगली आणि ठकूबाईच्या नवऱ्याला ताप भरला. वैद्य अलीकडच्या काठावर. ती पलीकडच्या घाटावर येऊन पांढरे फडके हलवू लागली. सटवाला ते दिसले. पण नावेत गठ्ठे भरलेले, विणकर घाई करत होते. ‘सभेनेच ठरवले आहे, मी एकटा काय करणार?’ असे मनाशी म्हणत त्याने नाव बाजाराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशीही फडके हलत होते. तिसऱ्या दिवशी ती नुसतीच उभी होती. चौथ्या दिवशी घाटावर कुणी नव्हते.

तो रिकामा घाट मात्र सटवाला बघवेना. त्याने माल उतरवला आणि नाव पलीकडे घातली.

ठकूबाई अंगणात बसली होती. परसात ताजी माती उकरून सारखी केलेली होती. तिच्या तळहातांवर फोड आले होते. तिने उठून त्याला पाणी दिले.

“खूप हाका मारल्या रे,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मग आवाज बसला. ते सारखे विचारायचे, वल्ह्याचा आवाज येतो का गं? मी म्हणायचे, येतो. शेवटपर्यंत येतो म्हणत राहिले.”

सटवाने तिचे पाय धरले. “आक्का, मी चुकलो.”

“तू एकटाच कुठे चुकलास?” ती म्हणाली. “तिकडे सगळ्यांना आपलं बरोबरच वाटलं. म्हणून तर कुणी आलं नाही.”

सटवा तिला नावेत बसवून घेऊन आला. सभा भरली. त्याने घडले ते सगळे सांगितले, स्वतःला न वाचवता. कुणाला वर बघवेना. एक म्हातारा पुटपुटला, “राजाच बरा होता. आपली ही रीतच खोटी.”

ठकूबाईने मान हलवली. “राजा काही आला नसता, बाबा. आणि त्याला जाब विचारायला मी अशी उभीही राहू शकले नसते. तुमची रीत चांगली आहे. हात मोजा, धंदाही करा. पण ज्याचं काही जाणार आहे, त्याच्या घरी आधी जाऊन बसा. माझ्याकडे कुणी आलं असतं, तर त्याला तिथे माणूस दिसला असता. तुम्ही नुसतं एक घर मोजलंत.”

त्या दिवशी गावाने नवा नियम केला. एखाद्याच्या वाट्याचे काही काढून घ्यायचे असेल, तर आधी दोघांनी त्याच्या घरी जाऊन जेवायचे, त्याचे ऐकायचे आणि ते सभेत सांगायचे. हात त्यानंतर. पलीकडची खेप रोज सकाळी जाईल आणि तिचा भार सगळे मिळून उचलतील, हेही ठरले. पुढे काही निर्णय बदलले, बरेचसे बदलले नाहीत. पण न ऐकता एकही झाला नाही.

लोकांनी ठकूबाईला अलीकडे राहायला येण्याचा आग्रह केला. ती पलीकडे आपल्या घरीच परतली. नाव रोज येई. बायका भाजी घेऊन येत, घटकाभर बसत, आणि दुपारी नावेबरोबर परत जात. मग ती आणि घर. स्वयंपाक करताना कधी कधी ती दोघांचे पीठ मळून बसे आणि परातीकडे बघत राही. सभेला आपला निर्णय फिरवता आला, तिचा माणूस आणता आला नाही.

बहुमताने गाव चालते आणि बाजाराने पोट भरते. पण एकट्या माणसाच्या दारापर्यंत आपल्यालाच चालत जावे लागते, आणि तेही वेळेवर.