मोगऱ्यावरचा मांडव

फार पूर्वी, जिथे वैशाखात विहिरीची पायरीसुद्धा अनवाणी पायाला चटका देई, अशा एका गावात एक माळीण राहत होती. देवळामागचा मोगऱ्याचा मळा तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. अट एकच. वैशाखी पौर्णिमेला देवीला पायांपासून मुकुटापर्यंत मोगऱ्याने मढवायचं. त्याला तिथे ‘वाडी भरणं’ म्हणत. ज्या वर्षी वाडी अपुरी राहील, त्या वर्षी मळा दुसऱ्या माळ्याकडे जाई.

माळिणीचा नवरा आदल्या उन्हाळ्यात भरदुपारी खुरपता खुरपता ऊन लागून मळ्यातच कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून तिने उन्हाची अशी धास्ती घेतली की कवडशावर पाय पडला तरी ती दचके. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने तर थंडी सरायच्या आत मोगऱ्याच्या पाचही ओळींवर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला. कळी धरावी म्हणून माघात पानं ओरबाडून झुडपांना तहानलेलं ठेवायची घरची रीत होती, तीही मोडली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी!

“सूनबाई, मोगरा उन्हाचं लेकरू आहे,” म्हातारे सासरे सांगत. “त्याला उघडं ठेव.”

“नको मामंजी, जळून जाईल,” असं म्हणून ती आणखी एक तट्टा चढवी.

झुडपं मात्र काय माजली! पानं अशी हिरवीगार, की माळिणीला वाटलं, आपलंच खरं.

पाडव्याला देवळातले गुरव मळ्यात आले. त्यांनी फांद्या चाळून चाळून पाहिल्या.

“बाई, यात कळी कुठाय? पौर्णिमेला उरला दीड महिना. वाडी भरली नाही, तर मळा गेलाच म्हणून समजा. माझ्या हातात काही नाही.”

मळा गेला, तर म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन माळीण जाणार कुठे?

सासरे काठी टेकत आले. “मांडव काढ. पानं ओरबाड. दहा दिवस पाणी तोड.”

“या उन्हात?”

“याच उन्हात.”

तिने चार ओळी उघड्या केल्या, त्यांची पानं ओरबाडली, पाणी तोडलं. पाचवी मात्र झाकलेलीच ठेवली. निदान एक ओळ तरी जगेल, असं तिला वाटलं.

मग तिचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या दिवशी कोवळे शेंडे काळे पडले. दुपारी झळा सुटल्या की उघड्या काड्या खडखडत, आणि ती दार लावून कानांवर हात ठेवून बसे. सातव्या दिवशी तिला राहवेना. एका काखेत तट्टा, एका हातात घागर घेऊन ती मळ्यात धावली.

“थांब!” सासरे ओरडले. “आधी एक काडी नखाने खरवडून बघ.”

“नको मामंजी. आत वाळलेली निघाली तर?”

“तरी बघ.”

तिने डोळे मिटून नख लावलं. मग एक डोळा उघडला. सालीखाली ओला हिरवा पापुद्रा होता.

“माझा लेक या मळ्यात गेला, पोरी,” सासरे म्हणाले. “उन्हाला मीही भितो. पण माणसाला मारणारं ऊन मोगऱ्याला फुलवतं. ते त्याच्यापासून तोडू नकोस.”

तिने घागर खाली ठेवली. दहा दिवस झाल्यावरच पाणी सोडलं. आठवड्यात काड्यांना लालसर फूट आली आणि वैशाख लागला तेव्हा प्रत्येक शेंड्यावर टपोऱ्या कळ्या होत्या.

पौर्णिमेला वाडी भरली. मुकुटापर्यंत फुलं पुरली, वर एकही उरलं नाही.

“अगदी काठावर निभावलं हो!” गुरव म्हणाले. “पण त्या पाचव्या ओळीला काय झालं? एक फूल नाही तिला.”

“तिला मी जपलं होतं,” माळीण मान खाली घालून म्हणाली.

त्याच दुपारी ती पाचव्या ओळीपाशी गेली. डोक्यावर सूर्य आग ओकत होता. भीती काही गेली नव्हती. तरी तिने एकेक तट्टा ओढून खाली टाकला.

तात्पर्य: आपल्या भीतीची सावली दुसऱ्यावर धरणं म्हणजे माया नव्हे.