अंगणाईच्या तांबड्या कोंबडीची कहाणी

ऐका अंगणाई, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक घर होतं. तिथं धुरपा नावाची बाई राही. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी लेक येसू. तिलाही ताप भरला. मग धुरपानं अंगणातल्या शेंदरी दगडापुढं, अंगणाईपुढं, पदर पसरला. "आई, हिला राख. तुझ्या नावानं कोंबडी सोडीन. जिती आहे तोवर दिवसाची कोंडणार नाही."

येसूचा ताप उतरला. धुरपानं तांबड्या कोंबडीला हळदकुंकू लावलं नि सोडली.

उन्हाळा आला. दिवस उगवला की धुरपा खुराड्याची कडी काढी, देवीपुढं मूठभर कण्या टाकी. वर घार फिरे, ही हातचं काम टाकून वर बघत राही. सांजेला कोंबडी परत येई. पावसाळा आला. गवत माजलं, गवतात मुंगूस. ही जेवता जेवता उठून बघून येई. कोंबडी भिजून परत येई. हिवाळा आला. धुक्यात बांधावर रानमांजर दबा धरी. धुरपा दारातच बसून राही. कोंबडी परत येई.

मग कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली. एकवीस दिवसांनी पिलं निघाली. पुन्हा ऊन तापलं. एके सकाळी घार झेपावली नि धुरपाच्या डोळ्यांदेखत एक पिल्लू घेऊन गेली.

धुरपानं येसूकडे पाहिलं. तिनं कोंबडी-पिलं बांबूच्या डालग्याखाली झाकली, वर पाटा ठेवला. येसूला घरात घातलं, बाहेरून कडी लावली.

येसू आतून म्हणाली, "आई, कोंबडी देवीची ना?"

"देवीला डोळे असते तर पिल्लू गेलं असतं का?"

मग काय झालं? पहिल्या दिवशी कोंबडी दाणा टिपेना. दुसऱ्या दिवशी पिलं एकमेकांची पिसं उपटू लागली. तिसऱ्या दिवशी एक मेलं. येसूही हसेना, जेवेना. तिच्या अंगात पुन्हा तापाची कसर आली.

भर दुपारी केरसुण्या विकणारी म्हातारी आली. "बये, पाणी दे. डालग्याखाली काय गं?"

"कोंबडी."

"जिती?"

"जिती."

"मग वर धोंडा कशाला? धोंडा मढ्यावर ठेवतात. नि दाराला कडी?"

धुरपाला रडू फुटलं. "आजी, भ्या वाटतं."

"वाटू दे की! मी सापाला भिते, म्हणून का शिंक्यावर बसते? भ्यायचं तर भी. पण घेतला वसा टाकू नको." एवढं बोलून म्हातारी शेंदरी दगडाशी गेली नि दिसेनाशी झाली.

धुरपानं दाराची कडी काढली. मग पाटा सारला, डालगं उचललं. पिलं पांगतात तोच अंगणात सावली पडली. घार! धुरपाचा हात डालग्याकडे गेला नि थांबला. कोंबडीनं हाक घातली, पिलं पंखांखाली शिरली. येसू दोन्ही हात उंचावून धावली, "हाऽड! हाऽड!" घार तीन घिरट्या घालून गेली. उद्या येईल, हे धुरपाला ठाऊक होतं.

त्या रात्री येसू पोटभर जेवली. सकाळी धुरपाचा हात कापत होता. कापत्या हातानंच तिनं खुराडं उघडलं. पुढं येसू सासरी निघाली. तेव्हाही तो हात कापला, नि त्यानंच दार उघडलं.

जशी अंगणाई धुरपाला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. गेलेलं सांजेला घरी येवो. ही साठ भयांची कहाणी एका उघड्या दारी सुफळ संपूर्ण.