यमुताईंची हरकत

पालिकेसमोरच्या दगडी चौकाच्या नव्या आराखड्यावर पालिकेत अकराला सुनावणी होती. गुरसाळे इंजिनिअर पडद्यावर बाण दाखवत म्हणाले, "आता गाड्या कुठेच थांबणार नाहीत." आम्ही रहिवाशांनी माना डोलावल्या.

बारा वाजता यमुताई खरमाटे, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स, काठी टेकत आल्या.

"आजी, उशीर झाला. हरकत वेळेत नोंदवायची असते," गुरसाळे म्हणाले.

"साहेब, अकराच्या आधीपासून समोरच्या फुटपाथवर उभी होते. गाड्या थांबतच नव्हत्या. हीच माझी हरकत, घ्या लिहून."

सगळं सभागृह हसलं. गुरसाळ्यांनी आराखड्यात सिग्नल घातला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण त्या दुपारी परत निघालेल्या यमुताईंना रस्ता ओलांडून द्यायला आमच्यातलं कोणीही उठलं नाही.