गेनूच्या घराचा नकाशा

बोरखडी गावात एक भोळा घरधनी होता. गेनू त्याचं नाव. भोळा म्हणजे असा की सांगितलेल्या शब्दाच्या एक पाऊल पुढे जायचा नाही आणि एक पाऊल मागेही राहायचा नाही. एकदा त्याची बायको शेवंता म्हणाली, "अहो, म्हशीला जरा पाणी दाखवून आणा." गेनू म्हशीला घेऊन ओढ्यावर गेला. लांब काठावर उभी केली. बोटानं पाणी दाखवलं. म्हशीनं बघितलंय याची खात्री करून घेतली आणि तिला तशीच घरी आणून बांधली. म्हैस रात्रभर हंबरत होती. गेनू म्हणाला, "एकदा दाखवलं तरी हिला अजून बघायचंच आहे."

तर असा गेनू. आणि शेवंता बिचारी तालुक्याच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. पहाटेच्या एस.टी.नं जायची, दिवेलागणीच्या एस.टी.नं यायची. सुट्टी असली तर असली. जाता-येता उभी राहून तिचे पाय भरून यायचे. बोरखडीचं घर विकावं, शाळेजवळ दोन खोल्या घ्याव्यात आणि निदान सकाळचा चहा बसून प्यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "हे घर एकदा विकलं गेलं ना, की माझी यष्टी सुटली बघा."

"सुटली?" गेनू उठला, तिची पिशवी उचलली आणि थेट स्टँडकडे पळत सुटला. एस.टी. तिथं होती की नव्हती हे विचारू नका. शेवंता मात्र घरात होती.

स्टँडसमोर पोपटरावांचं दुकान होतं. घरं, प्लॉट, शेतं विकून देणं हा त्यांचा धंदा. दुकानाबाहेर त्यांचा एक फळा होता, आणि मोबाईलवरही ते जाहिराती टाकायचे. त्यांनी जाहिरात टाकली : 'घर विकणे आहे. हवेशीर. ताबडतोब ताबा.' लोक येऊ लागले. एकाला स्वयंपाकघर मागच्या बाजूला हवं होतं, ते इथं पुढे होतं. एकाला लेकाच्या नव्या संसारासाठी वेगळ्या दाराची खोली हवी होती, ती नव्हतीच. शेवंताची एकुलती एक सुट्टी चहा उकळण्यात गेली आणि घर कुणीच घेतलं नाही.

पोपटराव म्हणाले, "गेनूभाऊ, चूक आपली आहे. आत काय कुठं आहे ते कळल्याशिवाय माणसानं यावं कशाला? जाहिरातीला नकाशा पाहिजे. घराचा नकाशा काढून आणा. घरात जे जे आहे ते सगळं त्यात आलं पाहिजे."

"एवढंच ना?" गेनू म्हणाला. "मग आधी सांगायचं नाही का!"

घरी येऊन त्यानं जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू जमिनीवर पसरली आणि पेन्सिल घेऊन बसला. ओसरी काढली. माजघर काढलं. चूल काढली, चुलीवरचा तवा काढला. पाण्याचा पिंप, लोणच्याची बरणी, खुंटीवरची छत्री. मांजर काढताना फार त्रास झाला. ती उठून दुसरीकडे बसायची, की गेनू खोडून तिला तिथं काढायचा. शेवंताची आत्या त्यांच्याकडेच असायची. तिची वाकळ काढली आणि बाजूला लिहिलं : 'आत्याबाई. घोरतात.' धान्याच्या कणगीत शेवंतानं लाडवांचा डबा लपवलेला होता. तोही काढला, कणगीच्या आत, बाण करून. शेवटी ओसरीवरच्या देवळीत किल्ली काढली आणि लिहिलं : 'आम्ही नसताना किल्ली इथं असते.'

पोपटराव त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेले होते. गेनूनं स्वतःच तो कागद स्टँडवरच्या फळ्यावर चिकटवला.

गिऱ्हाइकं आली तेव्हा आली. त्याआधी अख्खी आळी येऊन गेली. देवळीतली किल्ली घेतली, कणगी गाठली, डबा रिकामा केला आणि किल्ली पुन्हा देवळीत ठेवली. आळीतली माणसं प्रामाणिक होती. आत्याबाई देवळात गेल्या तर चार बायकांनी त्यांना घोरण्यावर काढा सांगितला. आत्याबाईंनी घरी येऊन जो तोंडाचा पट्टा सोडला, तो सांजवात झाली तरी थांबला नाही.

शेवंतानं कपाळावर हात मारला. "अहो, घरातलं सगळं असं चारचौघांत उघडं करतात होय? झाकून ठेवावं माणसानं!"

"एवढंच ना? मग आधी सांगायचं नाही का!"

दोन दिवसांनी पिठाच्या गिरणीवाले यादव घर बघायला आले. गेनूनं सकाळपासून तयारी केली होती. खिडक्यांना वाकळी बांधल्या होत्या. दारांवर लुगडी सोडली होती. घरात भर दुपारी अंधार गुडूप.

यादवांनी विचारलं, "स्वयंपाकघर कुठं आहे?"

गेनू दारापुढं हात पसरून उभा राहिला. "झाकलंय."

"न्हाणी?"

"तीही झाकलीय."

"बरं, मग नकाशा तरी द्या."

गेनूनं नकाशा दिला. तो फडक्यात गुंडाळून चारी बाजूंनी शिवलेला होता.

"अहो, मग मी बघू काय?" यादव ओरडले.

गेनूनं जरा विचार केला. घरात न झाकलेलं असं एकच काही उरलं होतं. तो म्हणाला, "मला बघा."

यादवांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मागे वळले आणि अंधारात पाण्याच्या पिंपावर धडपडले. ओले होऊनच गिरणीवर गेले. दिवसभर त्यांच्या अंगावर पीठ चिकटत राहिलं.

पोपटरावांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते तरातरा आले. "अहो, घर बघायला आलेल्या माणसापासून घरच लपवता? दारात येईल त्याला हाताला धरून आत न्यायचं. कानाकोपरा दाखवायचा. तो नको म्हणाला तरी सोडायचं नाही!"

"एवढंच ना? मग आधी सांगायचं नाही का!"

दुसऱ्या दिवशी दारात आला तो विजेचं मीटर वाचणारा. मीटर ओसरीवरच होतं. वर बघायचं, आकडा लिहायचा, पुढच्या घरी जायचं, एवढंच त्याचं काम. गेनूनं त्याचं मनगट धरलं.

"या, आत या."

"नको दादा, मला इथलंच बघायचंय."

"नको म्हणालात ना? मग तर सोडतच नाही."

गेनूनं त्याला स्वयंपाकघर दाखवलं. कणगी दाखवली, आत वाकायला लावून तळ दाखवला. न्हाणीतलं पाणी कुठून कुठं जातं ते दाखवलं. आत्याबाईंची ट्रंक उघडून त्यांचे शालू दाखवले, आणि आत्याबाई लाटणं घेऊन उठल्या तेव्हा त्याही दाखवल्या. फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या तर एकेक हातात देऊन दाखवल्या. मीटरवाल्याला घाम फुटला. हा माणूस आपल्याला इथंच ठेवून घेतो की काय, असं त्याला वाटू लागलं.

नेमकं त्याच वेळी गावातले एक तलाठी खरोखर घर घ्यायला आले होते. बाहेरून त्यांनी ऐकलं : "सोडा हो मला! पाया पडतो, सोडा!" तलाठ्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या आणि आल्या वाटेनं परत गेले.

शेवंता त्या संध्याकाळी आली तेव्हा तिला हे कळलं. तशीच भिंतीला टेकून बसली आणि पाय दाबत राहिली. गेनूला फार वाईट वाटलं. बायकोवर त्याचा जीव होता. ती सांगेल ते करायला तो एका पायावर तयार असायचा, आणि हेच तर तिचं दुखणं होतं.

शेवटी पोपटरावांनी गेनूच्या हातात पेन्सिल द्यायचीच नाही असं ठरवलं. तालुक्याहून एक ओव्हरसियर बोलावला. त्यानं टेप लावून घर मोजलं आणि झकास नकाशा काढला. सरळ काळ्या रेघा म्हणजे भिंती. रेघ तुटली तिथं दार. दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला पाव गोल. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. पोपटरावांनी तो मोबाईलवर टाकला, आणि काय सांगावं, दुसऱ्याच दिवशी फोन आला.

फोन होता गावच्या दवाखान्यात बदलून येणाऱ्या सिस्टरबाईंचा. त्यांची आई थकलेली होती, काठी टेकत चालायची. बाई म्हणाल्या, "मी नकाशा रात्री तीनदा बघितला. माजघराच्या खिडकीपाशी आईची कॉट बरोबर बसते. तिथून न्हाणी सरळ समोर, मध्ये वळण नाही. मला दहा घरं हिंडवत नाहीत हो. हे घर या नकाशाप्रमाणं असेल, तर रविवारी येते आणि इसार देऊन व्यवहार पक्का करते."

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेजवळच्या दोन खोल्या तिनं मनातल्या मनात सारवूनही टाकल्या. रविवारी तिला मुलांचं दुपारचं जेवण करून यायचं होतं. शनिवारी रात्रीच तिनं गेनूला समोर बसवलं.

"नीट ऐका. बाई नकाशा बघून येणार आहेत. तुमच्या त्या बरण्या, डबे, पसारा, काही दिसता कामा नये. नकाशात जे नाही ते घरात नको. कळलं?"

पोपटरावांनीही येऊन बजावलं, "गेनूभाऊ, एका रेघेचा फरक चालणार नाही हं."

"एवढंच ना? मग आधी सांगायचं नाही का!"

रविवारी शेवंता पहाटे गेली आणि गेनू नकाशा घेऊन कामाला लागला. बरण्या नकाशात नव्हत्या, त्या बाहेर गेल्या. डबे नव्हते, ते गेले. मांजर गेली. मग तो आत्याबाईंच्या वाकळीपाशी आला.

"आत्याबाई, उठा. तुम्ही नकाशात नाही."

"मेल्या, मी तुझ्या सासऱ्याची सख्खी बहीण आहे!"

गेनूनं कागद उलटा-सुलटा करून बघितला. "तेही कुठं लिहिलेलं नाही."

आत्याबाई वाकळीसकट घरामागच्या चिंचेखाली गेल्या. मग गेनूनं चुन्यानं प्रत्येक दाराशी जमिनीवर पाव गोल काढला. अंगणात उत्तरेकडे तोंड केलेला भला मोठा बाण काढला. घाम पुसला आणि सगळं एकदा ताडून बघायला माजघरात मधोमध उताणा पडला.

आणि तो ताडकन उठून बसला.

वर छप्पर होतं. चांगलं पत्र्याचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यानं नकाशा बघितला. माजघरावर छप्पर नव्हतं. स्वयंपाकघरावर नव्हतं. ओसरीवर नव्हतं. नकाशात वरून बघितलं की थेट फरशी दिसत होती. ओव्हरसियर शिकलेला माणूस. न्हाणीतलं इवलंसं भोक त्यानं दाखवलं, तो एवढं मोठं छप्पर विसरेल कसा?

"बरं झालं वेळेत दिसलं," गेनू स्वतःशी म्हणाला. शेवंताचं काम एवढ्यावरून बिघडलं असतं तर त्यानं स्वतःला कधी माफ केलं नसतं.

त्यानं शेजारच्या दोघांना हाका मारल्या. ते म्हणाले, "का रे, पत्रे बदलतोस?" गेनू म्हणाला, "शेवंतानं सांगितलंय." शेवंता शहाणी बाई, तिचं नाव निघाल्यावर पुढे कुणी विचारलं नाही. पत्रे उतरले. मग वासे उतरले. मग आडवे सोट उतरले. सगळं अंगणात बाणाच्या शेजारी रचून ठेवलं. गेनूनं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि दारात उभा राहिला.

दुपारी शेवंता एस.टी.तून उतरली. स्टँडवर सिस्टरबाई आणि पोपटराव तिची वाटच बघत होते. तिघं घराकडे निघाले. बाई वाट विचारून घेऊन फार पुढे, नकाशा हातात, चालता चालता त्यातच बघत. शेवंता आणि पोपटराव मागे बोलत बोलत.

बाई आत शिरल्या. कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही ओसरी. बरोबर. हे माजघर. बरोबर. ही खिडकी, इथं आईची कॉट. अगदी तंतोतंत!" मग त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "आणि उजेड किती छान आहे हो घरात!"

"आहे ना?" गेनू म्हणाला.

"एवढं ऊन येतं तरी कुठून?" बाईंनी वर पाहिलं. वर एक घार फिरत होती.

तेवढ्यात शेवंता आणि पोपटराव दारात पोचले. पोपटरावांचे डोळे पांढरे झाले. त्यांना काही सुचेना, म्हणून ते पत्र्यांच्या ढिगावर बसले, आणि पत्रे तापलेले असल्यानं लगेच ओरडत उठले.

"अहो," शेवंता वर बघत म्हणाली, "छप्पर कुठं आहे?"

"नकाशात कुठं आहे?" गेनूनं कागद तिच्यापुढं धरला.

शेवंतानं कागद बघितला. उलटा केला, सुलटा केला. छप्पर खरंच कुठं नव्हतं. ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. शाळेजवळच्या दोन खोल्या गेल्या. बसून प्यायचा चहा गेला. पहाटेची एस.टी. तेवढी राहिली, आणि आता तर जिथून निघायचं ते घरही उघडं पडलं.

सिस्टरबाईंना तिची दया आली. पण करणार काय? त्यांनी नकाशाची घडी घातली आणि जाता जाता गेनूला समजावून बघितलं. "अहो दादा, तुमची घरची माणसं या घरात राहणार. उद्या पाऊस आला म्हणजे काय कराल? याचा काही विचार केलात का?"

गेनू चपापला. हा विचार त्यानं खरंच केला नव्हता. त्यानं बाईंच्या हातून नकाशा घेतला, उलगडला आणि बोट ठेवून निरखून बघू लागला. ओसरी बघितली. माजघर बघितलं. न्हाणी बघितली. बाणाच्या खालीसुद्धा बघितलं. मग त्याचा चेहरा एकदम खुलला.

"घाबरू नका बाई," तो म्हणाला. "नकाशात पाऊस कुठंच दाखवलेला नाही."