बस्त्यावची रुसलेली जीभ

एकदा काय झालं, वाडीच्या विहिरीवर दोघीजणी पाणी शेंदत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "बस्त्यावची जीभ म्हणे त्याला सोडून..." आणि तेवढ्यात घागर धपकन पाण्यात पडली. पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. आता अर्धं ऐकलेलं पोटात राहतं का? संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, बस्त्यावची जीभ पळून गेली.

खरं काय ते मी सांगते. मधूनमधून हुं म्हणा, म्हणजे जागे आहात ते कळेल.

तर हा बस्त्याव होता सुकेळीवाला. पिकलेली केळी सोलायची, उन्हात वाळवायची, की मधासारखी सुकेळी तयार. वाळत घालायचा शंभर, आणि पानात बांधायचा ऐंशी. मधली वीस कुठे जायची, ते त्याच्या पोटाला विचारा.

त्या वाडीत एक रीत होती, बरं का. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची आणि ईस्टरपर्यंत आवडीचा एक पदार्थ सोडायचा. सोडलेलं टोपलीत घालून गरजवंताच्या घरी धाडायचं. बस्त्याव दरवर्षी काय सोडायचा? कारली. जन्मात कधी आवडली नव्हती त्याला. त्याची टोपली जायची कोंसूकडे. कोंसू विधवा बाई, पदरात दोन लेकी.

त्या वर्षीही त्याने कारलीच सोडली. मग घरी येऊन सुकेळं तोंडात टाकलं, तर चव राखेची. कालवण घेतलं, राख. भाकरी मोडली, राख. घाबरला बिचारा. खाण्यावर ज्याचा जीव, त्याच्या तोंडाची चूल झाली.

मग त्याने आणखी खाल्लं. सुकेळं तुपात बुडवलं, साखरेत घोळवलं. राखच.

मग त्याने खाणंच बंद केलं. तीन दिवस ओट्यावर कण्हत बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला उपास ऐकवला, बायकोवर खेकसला. शेवटी त्याची बायको आग्नेस म्हणाली, "उपास तुमच्या पोटाचा आणि कळ माझ्या डोक्याला. देवाला असला उपास कशाला हवाय? भाकरी खा आधी. आणि कोंसूला इतकी वर्षं कारली धाडताय, एकदा जाऊन बघा तरी तिच्याकडे."

मग तो उठला. सवयीने टोपलीत कारलीच भरली. थबकला. सगळी काढली आणि चांगली निवडक सुकेळी भरली. निघाला. जिभेला चव नव्हती, पण हावेला चव कुठे लागते? चिंचेखाली हात टोपलीत गेला, त्याने मागे घेतला. ओढ्यापाशी हात पुन्हा गेला, मागे घेतला. कोंसूच्या दारात पुन्हा गेला, तेव्हा त्याने टोपलीच पुढे केली.

लेकींनी आधी आईकडे पाहिलं. मग एकच सुकेळं उचललं, अर्धं अर्धं केलं.

"बाकीची उद्याला," धाकटी म्हणाली.

बस्त्यावने मान खाली घातली.

कोंसू म्हणाली, काका, असेच कसे जाल, दोन घास खाऊन जा. आणि ताटात काय वाढलं? कारल्याची भाजी. नाही म्हणायला तोंड होतं का त्याला? डोळे मिटून घास घेतला, चावला, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"कडू आहे," तो म्हणाला.

कोंसू ओशाळली. "घरात गूळ नव्हता, काका."

"तसं नाही ग पोरी. कडू लागलं मला." त्याने ताट पुढे केलं. "अजून एक घास वाढ. एकच."

मग ईस्टरपर्यंत सुकेळ्यांची टोपली कोंसूकडे जात राहिली. ईस्टरच्या सकाळी बस्त्यावने एक सुकेळं खाल्लं, हळूहळू. दुसऱ्या सुकेळ्याची आठवण झाली, खोटं कशाला सांगू, पण हात मांडीवरच राहिला. आग्नेस हसली, आणि दोघं सुखाने राहिली.

तर विहिरीवरची बातमी अर्धीच खरी. जीभ सोडून गेली नव्हती, नुसती रुसली होती.

चला, मिटा डोळे. उशीखाली लाडू कुणी ठेवलाय ते मला ठाऊक आहे. तो सकाळी, आणि अर्धा भावाला.